जकातीचा कागद

जबलपूरला समुद्र नाही. मुंबईचे बंदर तेथून लोहमार्गाने सुमारे एक हजार किलोमीटरांवर, आणि कलकत्त्याचे त्याहूनही दूर. बंदरातील जकातीच्या इतिहासात अशा गावाचे नाव यावे कशाला, असा प्रश्न कोणालाही पडेल. परंतु जकातीचा खरा ताप बंदरात बसणाऱ्याला फारसा कळत नाही; माल ज्याच्यापर्यंत पोहोचावयाचा असतो त्याला तो कळतो. नर्मदेच्या खोऱ्यात, मिर्झापूर आणि नागपूर यांना जोडणाऱ्या जुन्या दख्खनच्या सडकेवर वसलेले हे गाव अशांपैकी एक आहे.

परदेशातून आलेला माल सोडविण्याचे काम गेल्या तीस वर्षांत कागदावरून संगणकाच्या संदेशावर गेले. ही घटना मोठी खरीच. पण तिचे मर्म केवळ यंत्रात शोधावयास गेले तर हाती थोडेच लागते. ते एका फार जुन्या प्रश्नात आहे. व्यापाऱ्याने आपल्या मालाविषयी एकदा जे लिहून दिले, ते किती जणांनी, किती ठिकाणी आणि किती वेळा पुन्हा पाहावयाचे?

१८३५च्या नोव्हेंबरात विल्यम हेन्री स्लीमन हा इंग्रज अधिकारी जबलपुराहून हिमालयाकडे निघाला. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून त्याचे नाव सर्वतोमुखी आहे. पण हा मनुष्य वाटेतल्या पिकांपासून देवळांपर्यंत सर्व गोष्टींकडे डोळे उघडे ठेवून पाहणारा होता. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांपासून आरंभ झालेल्या या प्रवासाचे त्याचे पुस्तक १८४४ साली प्रसिद्ध झाले. मथुरा-दिल्ली रस्त्यावरील होडल येथे त्याला जकातीचा कलेक्टर आणि त्याचे गस्तीवरचे साहाय्यक आढळले, आणि तेथे तो या खात्याविषयी मोकळेपणी लिहून गेला आहे. पूर्वीच्या व्यवस्थेत, तो सांगतो, एक बडा साहेब भरघोस पगारावर नेमलेला असे. त्याच्या हाताखाली तुटपुंज्या पगाराच्या देशी नोकरांचा मोठा ताफा असे. आणि या दोहोंच्या मध्ये जबाबदार असा मनुष्य एकही नसे. साहेबाची निवड व्हावयाची ती त्याला जकातीतले काही कळते म्हणून नव्हे, तर नोकरीत त्याची अमुक इतकी वर्षे झाली म्हणून. नव्या व्यवस्थेत पश्चिमेकडून येणाऱ्या काही मुख्य जिनसांवर एकाच रेषेवर कर घेतला जाई आणि इतरत्र माल झडतीवाचून फिरे. स्लीमनला हे पसंत होते. मात्र सरकारला पुढे अधिक पैसा लागला तर एका रेषेचा हा नियम सोडावा लागेल, असेही तो त्याच ओघात सांगून टाकतो. राज्यकर्त्याचे मन उदार झाले तरी तिजोरीला विसरत नाही.

ही पूर्वीची व्यवस्था म्हणजे कंपनी सरकारच्या बंगाल इलाख्यातील ‘रवान्या’ची पद्धत. व्यापाऱ्याने जकातीच्या कचेरीत जाऊन एकदा कर भरावा आणि रवाना घ्यावा. माल कोणाचा, कोणता, किती, कोठून निघाला आणि कोठे जाणार, हे त्या कागदावर लिहिलेले असावयाचे. कल्पना निर्दोष होती. अडचण होती ती पुढच्या चौक्यांची. कर ठरविण्याचा अधिकार चौकीला नव्हता. माल कागदाबरहुकूम आहे की नाही एवढेच तिने पाहावयाचे. पण ‘एवढेच’ पाहावयाचे म्हणजे बैलांच्या पाठीवरच्या गोण्या उतरवावयाच्या, मोजावयाच्या, सोडावयाच्या, आणि तोवर तांडा उन्हात उभा. गोण्यांची संख्या जुळली तर वजन जुळत नसे, वजन जुळले तर जिनसाचे नाव जुळत नसे. मग काही हातावर ठेवून वाट मोकळी करून घ्यावी हेच शहाणपणाचे ठरे. कागद होता म्हणून माल सुटत नसे. कागद होता म्हणूनच त्याला अडविण्याचे निमित्त मिळे.

या पद्धतीचे वाभाडे चार्ल्स ट्रेव्हेल्यन याने १८३४ साली आपल्या अहवालात काढले. सरकारच्या पदरी पडणारे उत्पन्न आणि व्यापाराला लागणारी झळ यांचा मेळच बसत नाही, हे त्याने दाखवून दिले. शिवाय विलायती कापडाला हलका कर आणि देशी कापडाला जड, ही विपरीत गोष्टही त्याने उघड केली. १८३६ साली बंगाल इलाख्यातील हे अंतर्गत कर रद्द झाले. एका तरुण मुलकी अधिकाऱ्याच्या अहवालाने इतकी जुनी व्यवस्था दोन वर्षांत कोसळावी, यावरून ती आतून किती पोखरलेली होती याची कल्पना येते.

मराठी राज्यातही जकातीचा जाच नव्हता असे नाही. १७८१ साली सागरकर मराठ्यांनी गढा-मंडल्याचे राज्य जिंकले आणि जबलपूर त्यांच्याकडे आले. १७९८ साली ते नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १८१७च्या डिसेंबरात इंग्रजांच्या हाती पडले. या काळातील दख्खनची जकात कशी होती, हे एल्फिन्स्टनने पेशव्यांच्या मुलखाविषयी १८१९ साली लिहिलेल्या अहवालावरून समजते. बैलाच्या ओझ्यावर कर, जिनसागणिक निराळा दर, आणि प्रत्येक परगण्यात स्वतंत्र वसुली, असा तो प्रकार होता. पण व्यापारी लोकांनी यावर एक तोड काढली होती. ‘हुंडेकरी’ नावाचे लोक एकच रक्कम घेऊन व्यापाऱ्याचा माल सगळ्या नाक्यांतून पार करून देण्याची हमी घेत. जकातीच्या इजारदारांशी त्यांचा परस्पर हिशेब असे. व्यापाऱ्याला दहा नाकी दिसत नसत. त्याला एक हुंडेकरी दिसे. आज ज्याला मोठ्या कौतुकाने ‘एक खिडकी’ म्हटले जाते ती खिडकी दख्खनमध्ये दोनशे वर्षांपूर्वी उघडलेली होती, आणि विशेष असे की ती सरकारने नव्हे तर बाजाराने उघडली होती. हुंडेकऱ्याची भरपाई अर्थातच मालाच्या किमतीत मिसळून शेवटी गिऱ्हाइकाच्याच माथी बसे.

अंतर्गत कर गेले तरी मिठाचा कर राहिला, आणि त्यापायी इंग्रजांनी या देशात जो खटाटोप केला त्याला जगात जोड सापडणे कठीण. पश्चिमेकडचे स्वस्त मीठ चोरून पूर्वेकडे जाऊ नये म्हणून त्यांनी एक जकातरेषा आखली. १८६९ साली ती सिंधू नदीपासून महानदीपर्यंत, वायव्य प्रांतांतून आणि मध्य प्रांतांतून, सुमारे २,३०० मैल पसरली होती, आणि तिच्यावर जवळजवळ १२,००० माणसे रात्रंदिवस पहारा करीत होती. पुष्कळ ठिकाणी ही रेषा म्हणजे बाभूळ, बोर, करवंद आणि निवडुंग यांचे जिवंत कुंपणच होते. जेथे झाड जगत नसे तेथे दगडी भिंत किंवा खंदक. या कुंपणाची निगुतीने वाढ करणारा कमिशनर म्हणजे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. १८६७ ते १८७० या काळात तो या खात्यावर होता. पुढे १८८५ साली ज्याने राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेतला, तोच हा ह्यूम! चिमूटभर मिठासाठी गरिबाची झडती घेणारे हे कुंपण त्याने किती आस्थेने वाढविले हे वाचले म्हणजे मनुष्यस्वभावाचे नवल वाटते.

हे कुंपण १ एप्रिल १८७९ रोजी निरुपयोगी ठरले. कारण दयेचे नव्हते. १८७०च्या सुमारास सांभर सरोवर जयपूर आणि जोधपूर या संस्थानांकडून सरकारने करारावर घेतले, निरनिराळ्या प्रांतांतील मिठाच्या कराचे दर हळूहळू जवळ आणले, आणि मग मीठ जेथे निघते तेथेच कर घेता येऊ लागला. उगमावर कर मिळाल्यावर वाटेवर पहारा कशासाठी? जकातीच्या साऱ्या सुधारणांचे सूत्र या एका निर्णयात दिसते. कर लवकर घ्या, एकदाच घ्या, आणि वाट मोकळी सोडा.

त्याच सुमारास जबलपूरच्या नशिबी एक मोठी गोष्ट आली. अलाहाबादेकडून ईस्ट इंडियन रेल्वे १८६७ साली जबलपूरपर्यंत येऊन थांबली होती. भुसावळ, इटारसीकडून ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८७०च्या मार्चमध्ये तेथे येऊन मिळाली, आणि मुंबई व कलकत्ता ही दोन बंदरे प्रथमच लोहमार्गाने जोडली गेली. विलायतेची टपाल मुंबईला उतरून याच मार्गाने कलकत्त्यास जाऊ लागली. मालाच्या बाबतीत याचा अर्थ असा की, परदेशी गठ्ठ्याची जकात मुंबईच्या गोदीत एकदा चुकती झाली, की रेल्वेची बिल्टी हाती घेऊन जबलपूरच्या पेढीवाल्याने आपल्या स्टेशनावर माल ताब्यात घ्यावा. बैलांचे तांडे ज्या वाटेवर अडखळत होते त्या वाटेवर वाघिणी सरळ धावू लागल्या. चौक्या मात्र नाहीशा झाल्या नाहीत; त्या साऱ्या एकवटून समुद्रकाठी, एका छपराखाली जाऊन बसल्या. ते छप्पर म्हणजे कस्टम हाऊस.

१८७८चा समुद्री जकातीचा कायदा आणि त्यानंतर आलेला १९६२चा सीमाशुल्क कायदा, या दोहोंच्या अमलात कस्टम हाऊसातील कागदाचा प्रवास थोड्याफार फरकाने सारखाच राहिला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जबलपूरच्या एखाद्या कारखान्याने परदेशातून यंत्र मागविले, तर मुंबईत कोणीतरी ‘बिल ऑफ एंट्री’ भरावे लागे. माल लगेच घरी न्यावयाचा असेल तर कागद पांढरा, वखारीत ठेवावयाचा असेल तर पिवळा, वखारीतून सोडवावयाचा असेल तर हिरवा. त्याच्या चार प्रती असत. दोन कस्टम्सला, एक आयातदाराला आणि एक परदेशी चलनाच्या हिशेबासाठी बँकेला. सोबत बीजक, पेट्यांची यादी, जहाजाची बिल्टी, आयात परवाना. प्रथम या कागदाची जहाजाच्या मॅनिफेस्टशी गाठ घालून नोंद व्हावयाची. मग तो अप्रेझरकडे जाई, मग हिशेबतपासनिसाकडे, मग रोखपालाकडे, मग गोदीत पेटी उघडणाऱ्या अधिकाऱ्याकडे. शेवटी ‘आउट ऑफ चार्ज’चा शिक्का. एकच मजकूर, यंत्राचे नाव, वजन, किंमत, निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या वह्यांत पुनःपुन्हा उतरून घ्यावयाचा. आणि उतरताना एका आकड्याची चूक झाली की साऱ्या कागदांनी उलट पावली परतावयाचे. दरम्यान गोदीतील पेटीवर डेमरेज चढत असे. जबलपूरचा कारखानदार हे सर्व स्वतः करू शकत नसल्यामुळे त्याला बॅलार्ड इस्टेटमधील क्लिअरिंग एजंट गाठावा लागे. हा एजंट म्हणजे जुना हुंडेकरीच. फक्त आता त्याला सरकारी परवाना होता. २०१३ सालापासून नियमांनी त्याला ‘कस्टम्स ब्रोकर’ म्हटले आहे.

कागदाच्या जागी संदेश ही कल्पना व्यापारातून नव्हे, तर एका वेढ्यातून पुढे आली असे सांगतात. १९४८-४९ साली सोव्हिएत रशियाने बर्लिन शहराच्या वाटा रोखल्या, तेव्हा दोस्त राष्ट्रांनी विमानांतून कोळसा आणि धान्य पोहोचविले. माल उतरवून विमान मिनिटांत परत फिरावयाचे. पण मालाच्या याद्या निरनिराळ्या नमुन्यांच्या आणि निरनिराळ्या भाषांतल्या. तेव्हा एडवर्ड गिल्बर्ट या अमेरिकन सैनिकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यादीचा एकच नमुना ठरविला. तो तारायंत्राने किंवा टेलिफोनवरून पाठविला तरी ऐकणाऱ्याला पहिल्या जागी काय आहे आणि दुसऱ्या जागी काय, हे ठाऊक असे. महत्त्व यंत्राला नव्हते. आधी ठरलेल्या क्रमाला होते.

याच क्रमाचा पुढे विस्तार झाला. १९७१ साली लंडनच्या हीथ्रो विमानतळावर मालाच्या जकातीसाठी संगणक आला. १९८७ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या आश्रयाने ‘एडिफॅक्ट’ हे व्यापारी संदेशांचे व्याकरण ठरले, आणि १९८८च्या जानेवारीपासून जगातील जिनसांना सहा आकडी नावे देणारी एकसूत्री वर्गवारी अमलात आली. ही दुसरी गोष्ट रुक्ष वाटते, पण तिच्यावाचून पहिली पांगळी आहे. एकाने ‘सुती वस्त्र’ लिहावे आणि दुसऱ्याने ‘कापड’, तर मनुष्य समजून घेतो. यंत्र समजून घेत नाही. सिंगापुरासारख्या बंदरावर जगणाऱ्या शहराने १९८९ सालीच आपली सारी परवानगीपत्रे एका संगणकीय जाळ्यात आणली. येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. कागदाचे चित्र तारेवरून पाठविणे म्हणजे विद्युतविनिमय नव्हे. चित्र पुन्हा मनुष्यालाच वाचावे लागते. विनिमयात एका संगणकातील मजकूर दुसऱ्या संगणकात ठरलेल्या जागी जाऊन बसतो, आणि मध्ये तो कोणी पुन्हा उतरून घेत नाही.

भारतात सीमाशुल्क खात्याची अशी व्यवस्था १९९५ साली दिल्लीच्या विमानमाल संकुलात प्रथम सुरू झाली, आणि मग एकेक बंदर, एकेक विमानतळ तिच्यात आले. आरंभीची वर्षे मोठी चमत्कारिक होती. व्यापाऱ्याकडे संगणक नसे, म्हणून कस्टम हाऊसातच सेवा केंद्रे उघडली. तेथे कागदावरचा मजकूर यंत्रात भरला जाई, मग त्याची छापील यादी काढून व्यापाऱ्याच्या सहीसाठी पुन्हा कागद पुढे येई, आणि बीजकाची, परवान्याची चळत पूर्वीप्रमाणेच टेबलांवरून फिरे. यंत्र आले, पण त्याच्यासाठी टेबल एक वाढले. नव्या साधनाला लोक प्रथम जुन्याच कामाला जुंपतात. रेल्वेचे पहिले डबे घोडागाडीच्या घाटाचे होते, तसेच हे.

खरा पालट टेबले कमी होऊ लागली तेव्हा झाला, आणि तो यंत्रापेक्षा नियमांनी घडविला. २००५ सालापासून जोखीम पाहून माल निवडण्याची पद्धत आली. प्रत्येक पेटी उघडावयाची नाही. कोणता माल, कोठला, कोणाचा, पूर्वीचा अनुभव काय, हे जुळवून यंत्राने ज्याच्याकडे बोट दाखवावे तोच थांबवावा. २०११च्या एप्रिलपासून आपला कर आपणच ठरवून लिहून देण्याचा अधिकार आणि जबाबदारी आयातदाराला मिळाली. खोटे लिहिले तर मागाहून हिशेब तपासून दंड करता येतो, पण गोदीत त्याला संशयित म्हणून उभे करावयाचे नाही. रवान्याच्या पद्धतीत व्यापाऱ्याच्या शब्दावर कोणाचाच विश्वास नव्हता. येथे विश्वास आधी आणि तपासणी नंतर, असा क्रम उलटला. एक एप्रिल २०१६ रोजी अन्नसुरक्षा, औषधे, वनस्पती, प्राणी यांच्या निरनिराळ्या खात्यांच्या परवानग्या एकाच अर्जात गोळा झाल्या. आणि २०१८ साली बीजके, दाखले ही सोबतची कागदपत्रेही संगणकावरूनच सादर करावयाची, असे देशभर ठरले. दिल्लीत यंत्र बसल्यापासून कागदाची चळत हलण्यास तब्बल तेवीस वर्षे लागली होती.

दरम्यान सडकेवरच्या नाक्यांनीही निरोप घेतला होता. मध्य प्रदेशाने शहरांची जकात १९७६ साली काढून तिच्या जागी प्रवेशकर आणला. मुंबईच्या वेशीवरची जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराबरोबर संपली, आणि राज्याराज्यांच्या सीमेवरील विक्रीकराचे तपासणी नाकेही तेव्हाच उठले. १ एप्रिल २०१८ पासून एका राज्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीच्या मालासाठी ‘ई-वे बिल’ आले. नागपुराहून जबलपूरला जाणाऱ्या ट्रकचालकाजवळ आता या बिलाचा एक आकडा असतो. वाटेत त्याला अधिकारी थांबवू शकतो, पण रोजच त्याच ठिकाणी थांबावे अशी जागा उरलेली नाही.

२०२०च्या जूनमध्ये बंगळूर आणि चेन्नई येथे, आणि ऑक्टोबरअखेर साऱ्या देशात, ‘चेहराविरहित’ आकारणी सुरू झाली. न्हावा-शेव्याला उतरलेल्या मालाची कागदपत्रे कोणत्या शहरातील अधिकारी तपासील, हे यंत्र ठरविते. व्यापाऱ्याला त्याचे नाव कळत नाही. त्यालाही व्यापाऱ्याचे तोंड दिसत नाही. हातावर काही ठेवावे तर हातच समोर नाही! कंपनी सरकारला चौकीदाराचे पगार वाढवून किंवा दंड करून जे साधले नसते, ते या अंतराने पुष्कळसे साधते.

परंतु या अंतराची दुसरी बाजू लहान व्यापाऱ्याला जाणवते. यंत्राचा एखादा सुटा भाग कोणत्या आकडी नावाखाली येतो याविषयी अधिकाऱ्याला शंका आली, तर ती लेखी प्रश्न म्हणून पडद्यावर उमटते. पूर्वी एजंट तो भाग हातात घेऊन अप्रेझरसमोर ठेवी आणि दोन मिनिटांत समजूत पटे किंवा मोडे. आता जबलपुरात बसलेल्या माणसाने इंग्रजी नियमांची कलमे दाखवून लेखी उत्तर द्यावयाचे, आणि दुसऱ्या शहरातील अनोळखी अधिकाऱ्याने त्यावर पुन्हा प्रश्न विचारावयाचा. मोठ्या कंपनीच्या पदरी वकील असतात. सुट्या भागांचे दुकान चालविणाऱ्याच्या पदरी कोणी नसते. बडा साहेब आणि चौकीदार यांच्या मध्ये जबाबदार मनुष्य नव्हता, ही स्लीमनची तक्रार होती. येथे जबाबदार मनुष्य आहे, पण तो दिसत नाही.

ही उणीव खात्यालाही आरंभापासूनच ठाऊक असावी. कारण चेहराविरहित आकारणी सुरू करतानाच प्रत्येक सीमाशुल्क ठाण्यावर ‘तुरंत सुविधा केंद्र’ नावाची एक जागा ठेवावी लागली. हमीपत्रे, बँकेची हमी, माल कोणत्या देशाचा याचे मूळ दाखले, जे संदेशातून पाठविता येत नाही ते सर्व तेथे नेऊन द्यावयाचे असते. खिडकीमागे एक अधिकारी बसलेला असतो, आणि तो कागद हातात घेऊन पाहतो.